प्रिंट तिथे, कागद इथे

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे सीएंच्या ऑफिसात लगीनघाई. प्राप्तिकर विवरणपत्रांची मुदत तोंडावर आलेली असते आणि आर्टिकलशिप करणारी मुलं रात्री जेवणं उरकून घरूनच पुन्हा कामाला बसतात. समजा, त्यातली एक मुलगी साताऱ्याला घरी आहे. तिने लॅपटॉपवरून पुण्यातल्या ऑफिसच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने लॉगइन केलं, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडलं, एका अशिलाचा ताळेबंद तपासला आणि प्रिंट दिली. शेजारच्या टेबलावर प्रिंटर चालू आहे, ट्रेमध्ये कागद आहे, हिरवा दिवाही लागलेला आहे. पण प्रिंटर ढिम्म. सकाळी ऑफिस उघडणाऱ्या काकांचा फोन येतो, "ताई, इथे प्रिंटरवर बारा पानं येऊन पडलीत. तुमचीच का?"

दुसऱ्या एखाद्या ऑफिसात नेमकं हेच केलं, तर पानं घरच्या प्रिंटरमधून सुरळीत बाहेर येतात. तिसरीकडे यादीत घरचा प्रिंटर दिसतच नाही आणि आयटीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "मुद्दाम बंद ठेवलंय." पडदा तोच, बटण तेच, निकाल मात्र तीन तऱ्हेचे. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर प्रिंट दिल्यापासून कागद बाहेर येईपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहावा लागेल. आणि मग तिसऱ्या ऑफिसातला आयटीवाला उगाच अडवणूक करत नाही, हेही लक्षात येईल.

पडद्यावरचं टॅली असतं कुठे?

रिमोट डेस्कटॉप म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्या पडद्यावर पाहणं. आपण दाबलेली बटणं आणि माऊसच्या हालचाली तिकडे जातात. तिकडच्या पडद्यात जे बदल होतात, त्यांचं चित्र इकडे येतं. टॅली, एक्सेल, वर्ड हे सगळं चालतं पुण्याच्या सर्व्हरवर. फाइल उघडते तिथे, बेरीज होते तिथे, आणि प्रिंटची आज्ञासुद्धा निघते तिथेच. त्या आज्ञेला साताऱ्याचा प्रिंटर माहीत असण्याचं काही कारण नाही. सर्व्हर आपल्याकडच्या प्रिंटरची यादी बघतो, त्यातला डीफॉल्ट निवडतो आणि पानं पुण्यात छापून मोकळा होतो. पहिल्या ऑफिसात घडलं ते एवढंच.

काही रिमोट प्रणाल्या मुळातच फक्त चित्र पाठवण्यासाठी घडवलेल्या होत्या. १९९० च्या दशकात केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेली व्हीएनसी ही त्यांतली प्रसिद्ध. तिच्या मूळ रचनेत पडद्याचे चौकोन, कीबोर्ड, माऊस आणि कॉपी-पेस्टचा मजकूर एवढंच येतं. प्रिंटर ही गोष्टच नाही. विंडोजमधल्या रिमोट डेस्कटॉपची सुरुवातही अशीच अपुरी होती. १९९८ साली विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली. तिच्यात दूरच्या पडद्यावर काम करता यायचं, पण घरच्या प्रिंटरवर छापण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या बाजूने नव्हती. ती हवी असेल तर सिट्रिक्स कंपनीचं सॉफ्टवेअर वरून बसवावं लागे. विंडोज २००० मध्ये ती सोय रिमोट डेस्कटॉपच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे दोन्ही कॉम्प्युटरनी आपसात कसं बोलायचं याच्या ठरलेल्या नियमांमध्ये, दाखल झाली. या नियमांना आरडीपी म्हणतात.

एका जोडणीत अनेक चॅनेल

आरडीपीची जोडणी एकच असली, तरी तिच्या आत अनेक चॅनेल असतात. पडद्याचं चित्र मुख्य प्रवाहातून येतं. त्याखेरीज आवाजासाठी एक चॅनेल, कॉपी-पेस्टसाठी एक, आणि डिस्क, प्रिंटर यांसारख्या जोडलेल्या उपकरणांसाठी एक. या शेवटच्या चॅनेलचं नाव आरडीपीडीआर. मूळ पद्धतीच्या अशा चॅनेलची कमाल संख्या ३१ ठरवलेली आहे. कोणती चालू करायची हे जोडणी होतानाच ठरतं.

लॉगइन झालं की घरचा लॅपटॉप आरडीपीडीआरमधून सर्व्हरला आपल्या प्रिंटरची यादी कळवतो. प्रत्येकाचं नाव, त्याला कोणता ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो ते, आणि त्यांतला डीफॉल्ट कोणता. ही यादी हाती आली की सर्व्हर आपल्याकडे तेवढे नकली प्रिंटर उभे करतो. प्रिंटच्या खिडकीत ते दिसतात, त्यांच्या नावापुढे कंसात 'रीडायरेक्टेड' हा शब्द आणि सेशनचा, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या बैठकीचा, आकडा असतो. ज्याचं सेशन त्यालाच आपले प्रिंटर दिसतात (सर्व्हर सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनची गोष्ट वेगळी), आणि सेशन संपलं की ते यादीतून जातात. खऱ्या प्रिंटरची वायर यूएसबी पोर्टमध्ये असते. या नकली प्रिंटरना 'टीएस००१' अशा नावाचे पोर्ट दिलेले असतात. तिथे आलेलं पान आरडीपीडीआर चॅनेलमध्ये सोडायचं, एवढंच त्या पोर्टचं काम.

इथे एक शंका हमखास येते. घरातला प्रिंटर तर वायफाय राउटरच्या आड बसलेला असतो. त्याचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, घरापुरताच. पुण्याचा सर्व्हर त्याच्यापर्यंत पोहोचतो कसा? तर तो पोहोचतच नाही. जोडणी घरच्या लॅपटॉपने स्वतःहून बाहेर लावलेली असते, आणि पानं त्याच जोडणीतून परत येतात. लॅपटॉप ती उतरवून घेतो आणि आपल्या प्रिंटरला देतो. म्हणून राउटरमध्ये प्रिंटरसाठी काही उघडावं लागत नाही. घरचा प्रिंटर इंटरनेटवर उघडा टाकायचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये.

पान जातं म्हणजे नक्की काय जातं?

आता मधल्या टप्प्याचं कोडं. त्या चॅनेलमधून पानाचं चित्र पाठवतात का?

हिशोब करून पाहू. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. दर इंचाला ६०० ठिपके या नेहमीच्या दर्जाने तो छापायचा, तर आडवे ४,९६० आणि उभे ७,०१६ ठिपके लागतात. म्हणजे एका पानावर जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके. नुसतं काळं-पांढरं धरलं तरी साधारण ४.३५ मेगाबाइट, आणि रंगीत धरलं तर १०० मेगाबाइटच्या वर. बारा रंगीत पानांचे सव्वा गिगाबाइट झाले. दाबून बसवलं की हा आकडा बराच खाली येतो, तरी ताळेबंदासारख्या चार ओळी आणि आकड्यांच्या दोन रकान्यांसाठी हा खटाटोप नको तितका आहे.

म्हणून बहुतेक वेळा चित्राऐवजी पानाचं वर्णन जातं. मैत्रिणीला फोनवर ठिपक्यांची रांगोळी सांगताना आपण काय करतो? तिला म्हणतो, सात ते सात ठिपके काढ, मधल्या ओळीतला दुसरा आणि चौथा जोड, कोपऱ्यांत पाकळ्या घाल. रांगोळीचा कण न् कण सांगावा लागत नाही. ऐकणारी आपल्या हाताने, आपल्या अंगणाच्या मापाने ती काढते. पानाचं वर्णनही तसंच असतं: अमुक जागी अमुक मापाच्या फॉन्टमध्ये हे शब्द, इथून तिथपर्यंत रेघ, या चौकटीत हा लोगो. मजकुराचं पान अशा वर्णनात काही किलोबाइटांत मावतं.

अशा वर्णनाच्या भाषा बऱ्याच जुन्या आहेत. अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट आणि एचपीची पीसीएल या दोन्ही १९८४ च्या सुमाराच्या. महागड्या प्रिंटरना या भाषा स्वतःला कळतात. पण आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहिलेले एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० हे प्रिंटर त्या जातीचे नाहीत. त्यांना पीसीएल कळत नाही, पोस्टस्क्रिप्टही नाही. पानाचे ठिपके कॉम्प्युटरनेच तयार करून त्यांना खास सांकेतिक रूपात द्यावे लागतात. १०२० ला तर वीज बंद करून पुन्हा चालू केल्यावर स्वतःचं अंतर्गत सॉफ्टवेअरसुद्धा कॉम्प्युटरकडून नव्याने घ्यावं लागतं. किंमत कमी ठेवण्यासाठी कंपन्यांनी डोकं प्रिंटरमधून काढून कॉम्प्युटरमध्ये ठेवलं. ते डोकं म्हणजे ड्रायव्हर, पानाच्या वर्णनाचं त्या विशिष्ट प्रिंटरला कळणाऱ्या आज्ञांमध्ये रूपांतर करणारं सॉफ्टवेअर.

ड्रायव्हर कोणाच्या घरी?

हे रूपांतर सर्व्हरवर करायचं की घरी, या एका प्रश्नावर सगळा खेळ होता. सुरुवातीला उत्तर होतं, सर्व्हरवर. म्हणजे साताऱ्याच्या मुलीकडे जो प्रिंटर आहे, त्याचा ड्रायव्हर पुण्याच्या सर्व्हरवर हवा. पंचवीसजण घरून काम करत असतील आणि त्यांचे प्रिंटर पंधरा तऱ्हेचे असतील, तर पंधरा ड्रायव्हर. त्यातही दोन्हीकडचं ड्रायव्हरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. विंडोजच्या दोन आवृत्त्यांमध्ये एकाच ड्रायव्हरच्या नावात शब्दाचा फरक पडला, की सर्व्हर म्हणे हा प्रिंटर मी ओळखत नाही. मग आयटीवाले 'या नावाला ते नाव समज' अशी जोड्यांची फाइल हाताने लिहीत बसत.

त्याहून मोठा धोका वेगळाच होता. एनटी ४.० मध्ये प्रिंटरचे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालत. घरगुती इंकजेटचा कच्चा ड्रायव्हर सर्व्हरवर चढवला आणि तो कोसळला, तर एकट्याची प्रिंट अडत नसे. अख्खा सर्व्हर निळ्या पडद्यावर जाऊन त्यावर बसलेल्या सगळ्यांचं काम थांबायचं. विंडोज २००० पासून ड्रायव्हर गाभ्याबाहेर चालवायची सोय झाली, तरी छपाईची सेवा बंद पडण्याचे प्रकार चालूच राहिले.

२००८ च्या विंडोज सर्व्हरबरोबर मायक्रोसॉफ्टने याचं उत्तर उलटं केलं. या सोयीचं नाव इझी प्रिंट. सर्व्हरवर फक्त एकच सर्वसाधारण ड्रायव्हर ठेवायचा. तो पानाचं वर्णन एक्सपीएस नावाच्या ठरीव स्वरूपात करतो. विंडोज व्हिस्टाच्या काळात आलेलं हे स्वरूप पीडीएफच्या जातीचं आहे. ते वर्णन चॅनेलमधून घरी येतं आणि घरच्या लॅपटॉपवर जो खरा ड्रायव्हर आहे तो त्याचे ठिपके करतो. सर्व्हरला प्रिंटर १०२० आहे की आणखी कुठला, याच्याशी देणंघेणं उरत नाही.

यातली एक करामत जवळून बघण्यासारखी आहे. सर्व्हरवरच्या वर्डमध्ये प्रिंटरच्या 'प्रॉपर्टीज'वर क्लिक केलं, की जी खिडकी उघडते ती सर्व्हरची नसते. इझी प्रिंटचा ड्रायव्हर ती मागणी घरच्या खऱ्या ड्रायव्हरकडे वळवतो आणि घरच्या प्रिंटरची स्वतःची खिडकी उघडते: दोन्ही बाजूंनी छापायचं का, शाई वाचवायची का, जाड कागद आहे का. तिथे निवडलेलं सगळं परत सर्व्हरला कळवलं जातं. बघणाऱ्याला दोन कॉम्प्युटरमधला सांधा कुठे आहे, ते कळतही नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना याचा वेगळा फायदा होतो. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं, की अक्षरांऐवजी रोमन लिपीचा भुगा दिसतो. एक्सपीएसमध्ये लागणारे फॉन्ट वर्णनासोबतच बांधून पाठवले जातात. त्यामुळे फॉन्ट पुण्याच्या सर्व्हरवर असला की पुरे, साताऱ्याच्या लॅपटॉपवर तो नसला तरी पत्र मराठीतच छापून येतं.

लिनक्ससाठीच्या फ्रीआरडीपी या मोफत सॉफ्टवेअरने निराळा मार्ग काढला आहे. घरी कोणताही प्रिंटर असला तरी ते सर्व्हरला, विशेष काही सांगितलं नसेल तर, 'एमएस पब्लिशर इमेजसेटर' हे एका साध्या पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरचं नाव कळवतं. सर्व्हर बिनतक्रार पोस्टस्क्रिप्ट पाठवतो आणि पुढचं रूपांतर लिनक्सची छपाई यंत्रणा घरी करते. ब्राउझरमधूनच रिमोट डेस्कटॉप दाखवणारं अपाची ग्वाकामोली तर प्रिंटरपर्यंत जातच नाही. ते छापायला दिलेल्या पानांची पीडीएफ करतं आणि ती ब्राउझरमध्ये डाउनलोड होते. ती कुठे छापायची ते तुमचं तुम्ही बघा.

डॉट मॅट्रिक्सला हे का मानवत नाही?

इझी प्रिंट सगळ्यांनाच सोयीची पडते असं नाही. व्यापाऱ्यांकडे कार्बन लावलेल्या लांब कागदावर बिलं काढणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून खडखडत असतात. त्यांचा वेग एका साध्या गोष्टीवर आहे. कॉम्प्युटरने नुसती अक्षरं पाठवली की प्रिंटर स्वतःच्या पोटातल्या फॉन्टने ती भराभरा ठोकतो. टॅलीमध्ये प्रिंटच्या पर्यायांत 'नीट', 'डॉट मॅट्रिक्स' आणि 'क्विक/ड्राफ्ट' अशी वेगळी स्वरूपं असतात, ती याचसाठी.

इझी प्रिंटच्या मार्गाने आलेल्या वर्णनाचं घरचा ड्रायव्हर मात्र चित्र करूनच प्रिंटरला देतो. आकडासुद्धा आकृती म्हणून काढायचा, म्हणजे प्रिंटरचं डोकं त्याच ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरतं. बिल येतं, पण रखडत. थर्मल पावतीचे आणि बारकोडच्या लेबलांचे प्रिंटरही स्वतःच्या खास आज्ञांवर चालतात, त्या आज्ञा या रूपांतरात टिकतीलच याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी त्या एका प्रिंटरचा खरा ड्रायव्हर सर्व्हरवर बसवणं, इझी प्रिंटला पहिला मान देणारं धोरण बदलणं, किंवा प्रिंटरऐवजी लॅपटॉपचा पोर्टच सर्व्हरकडे वळवणं, असे जुने उपाय करावे लागतात.

'सुरक्षित जोडणी' कुठून कुठपर्यंत?

आता तिसऱ्या ऑफिसातल्या आयटीवाल्याकडे वळू. जोडणी सुरक्षित आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात तीन गोष्टी असतात.

पहिली, वाटेतली गोपनीयता. पुणे ते सातारा जाणारा सगळा मजकूर एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो. पूर्वी आरडीपीची यासाठी स्वतःची पद्धत होती. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून टीएलएस वापरायची सोय आली. बँकांच्या वेबसाइट वापरतात तीच ही पद्धत. प्रिंटरचं चॅनेल त्याच जोडणीच्या आत असल्यामुळे छापायला चाललेली पानंही आपोआप एन्क्रिप्ट होतात.

दुसरी, सर्व्हरची ओळख. जोडताना 'या कॉम्प्युटरची ओळख पटवता येत नाही' अशी सूचना आली की सगळे डोळे मिटून 'येस' दाबतात. बहुतेक वेळा कारण निरुपद्रवी असतं. सर्व्हरने स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र असतं. पण रोजच्या सर्व्हरवर कधी न येणारी ही सूचना एके दिवशी अचानक आली, तर थांबून आयटीवाल्याला फोन करावा.

तिसरी, आत येणाऱ्याची ओळख. २००७-०८ च्या विंडोजपासून एनएलए नावाची पद्धत आहे. तिच्यात पासवर्डची तपासणी पडदा दाखवण्याआधीच होते. शिवाय आरडीपीचा नेहमीचा पोर्ट ३३८९ थेट इंटरनेटवर उघडा ठेवला, की पासवर्ड चाचपडणारे अनोळखी लोक दिवसरात्र त्याच्यावर ठोकत बसतात. म्हणून जाणकार ऑफिसं आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची एन्क्रिप्ट केलेली वाट, लावतात, नाहीतर मध्ये गेटवे, म्हणजे जोडणी तपासून आत सोडणारा सर्व्हर, बसवतात. गेटवे असला की आरडीपी ४४३ या पोर्टवरून, नेहमीच्या सुरक्षित वेब-जोडणीच्या आतून जातं.

या तिन्ही गोष्टी चोख असल्या, तरी त्यांची हद्द घरच्या लॅपटॉपपाशी संपते. तिथे पान उलगडलं जातं. छपाईची वाट बघत ते लॅपटॉपच्या स्पूल फोल्डरमध्ये फाइल म्हणून पडून असतं; सहसा छापून झाल्यावर पुसलं जातं, पण प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'छापलेले दस्तऐवज ठेवा' या पर्यायावर खूण असेल तर तिथेच राहतं. प्रिंटर वायफायवर असेल तर लॅपटॉप ते प्रिंटरचं अंतर बऱ्याचदा एन्क्रिप्शनशिवाय पार होतं, तिथे राखण फक्त घरच्या वायफायच्या पासवर्डची. आणि शेवटी कागद. त्यावर अशिलाचा पॅन, उत्पन्न, बँकेचे खाते क्रमांक, आणि तो डायनिंग टेबलवर.

कागदबंदी का करतात?

एवढं असूनही बऱ्याच ऑफिसांमध्ये चमत्कारिक व्यवस्था दिसते. सर्व्हरवरून घरी फाइल कॉपी करायला बंदी, कॉपी-पेस्टला बंदी, पण प्रिंटर चालू. कारण 'प्रिंट तर लागतेच'. यात एक मोठं भोक राहतं. २०१५ च्या विंडोज १० पासून प्रत्येक कॉम्प्युटरवर 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा प्रिंटर तयार मिळतो. लॅपटॉप यादी कळवतो तेव्हा त्यात याचंही नाव जाऊ शकतं. सर्व्हरवर तो 'रीडायरेक्टेड' म्हणून दिसला आणि त्यावर प्रिंट दिली, तर कागद निघत नाही. घरच्या लॅपटॉपवर पीडीएफ फाइल तयार होते. पुढचा दरवाजा बंद करून मागचा उघडा ठेवल्यासारखंच हे झालं. फाइल नेता येऊ नये हा हेतू असेल, तर प्रिंटरही बंदच करावे लागतात. तिसऱ्या ऑफिसातला आयटीवाला हेच करतो.

दुसरं कारण उलट दिशेचं आहे. चॅनेल दोन्ही बाजूंना उघडतं. आपण चुकीच्या सर्व्हरला जोडलो, तर आपल्या डिस्क, कॉपी केलेला मजकूर, प्रिंटर हे सगळं त्याच्यापुढे मांडलं जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने इशारा दिला, की रशियाशी संबंधित मिडनाइट ब्लिझार्ड या हल्लेखोर गटाने शंभरहून अधिक संस्थांमधल्या लोकांना ईमेलबरोबर आरडीपीची तयार फाइल पाठवली. ती उघडली की कॉम्प्युटर हल्लेखोरांच्या सर्व्हरला जोडला जाई आणि डिस्क, क्लिपबोर्ड, प्रिंटर यांची चॅनेल आधीच चालू केलेली असत. ईमेलने आलेली आरडीपी फाइल उघडू नये, ती ऑफिसच्या आयटीवाल्याकडूनच घ्यावी, हा त्यातून घेण्यासारखा धडा.

तिसरं कारण खुद्द छपाईच्या सेवेचं. विंडोजमध्ये पानांची रांग सांभाळणारी सेवा म्हणजे प्रिंट स्पूलर, आणि ती सर्वोच्च अधिकाराने चालते. २०२१ च्या उन्हाळ्यात तिच्यात 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेली त्रुटी उघड झाली. ड्रायव्हर बसवण्याच्या निमित्ताने हल्लेखोराला आपलं सॉफ्टवेअर त्या सर्वोच्च अधिकाराने चालवता येत होतं. जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने घाईघाईने दुरुस्ती काढली, ती अगदी मुदत संपलेल्या विंडोज ७ साठीसुद्धा. ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागू लागले. ज्या सर्व्हरवर छपाई लागत नाही तिथे स्पूलर बंद ठेवा, हा सल्ला तेव्हापासून पक्का झाला. स्पूलर बंद असला की रीडायरेक्टेड प्रिंटरही उभे राहत नाहीत. इझी प्रिंटमुळे सर्व्हरवर परके ड्रायव्हर चढवावे लागत नाहीत, हा तिचा फायदा या प्रकरणानंतर जास्त ठळक झाला.

कायद्याची बाजूही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या ऑफिसला एवढा दंड होईल असं नाही, पण अशिलांचे कागद कोणाच्या घरी कसे छापले जातात, याचं उत्तर तयार असावं.

प्रिंट येत नसेल तर

क्रमाने पाहिलं तर बहुतेक गुंते घरच्या घरी सुटतात.

आधी जोडणीच्या खिडकीत 'लोकल रिसोर्सेस' या भागात 'प्रिंटर्स'समोर खूण आहे का ते बघावं. प्रिंटर सेशन सुरू झाल्यानंतर चालू केला असेल, तर एकदा बाहेर पडून पुन्हा जोडावं, म्हणजे यादी नव्याने जाईल. मग सर्व्हरवरच्या प्रिंटच्या खिडकीत 'रीडायरेक्टेड' नावाचा प्रिंटर दिसतो का ते पाहावं. तो दिसत असूनही कागद ऑफिसातच निघत असेल, तर डीफॉल्ट दुसरा आहे. यादीतून आपला निवडावा.

एकही रीडायरेक्टेड प्रिंटर दिसत नसेल, तर सर्व्हरवर धोरणाने बंदी आहे किंवा तिथला स्पूलर बंद आहे. इथे घरून काही करता येत नाही, आयटीवाल्यालाच विचारावं. प्रिंटर दिसतो, प्रिंट जाते, पण कागद येत नाही, असं असेल तर सेशन बाजूला ठेवून लॅपटॉपवरून एखादं साधं पान छापून बघावं. तेही अडलं तर दोष रिमोटचा नाहीच; घरचा ड्रायव्हर किंवा प्रिंटर बघायला हवा. स्कॅन केलेली जाड पीडीएफ रखडत येत असेल, तर तिच्यात वर्णन नसून खरोखरच चित्रं आहेत, आणि ऑफिसच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग तिला पुरत नाही. समासाचा घोळ होत असेल, तर एका बाजूला ए-फोर आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकी लेटर हे माप आहे का ते तपासावं.

चौकट: थोडक्यात

• रिमोट डेस्कटॉपमध्ये प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो, म्हणून प्रिंटची आज्ञाही सर्व्हरवरच निघते.

• घरचा कॉम्प्युटर जोडताना आपल्या प्रिंटरची यादी कळवतो. सर्व्हर त्यांच्या नकली जोड्या उभ्या करतो आणि पानं त्याच जोडणीतून परत पाठवतो. राउटरमध्ये वेगळा पोर्ट उघडावा लागत नाही.

• २००८ पासूनच्या इझी प्रिंटमध्ये सर्व्हर पानाचं वर्णन पाठवतो, ठिपके घरचा ड्रायव्हर करतो. डॉट मॅट्रिक्स, पावती आणि लेबलच्या प्रिंटरना हा मार्ग नेहमी मानवतो असं नाही.

• एन्क्रिप्शन सर्व्हरपासून घरच्या कॉम्प्युटरपर्यंत असतं. स्पूलमधली फाइल, घरचं वायफाय आणि छापलेला कागद यांची काळजी वापरणाऱ्याने घ्यायची.

• प्रिंटर चालू ठेवला म्हणजे 'प्रिंट टू पीडीएफ'मुळे फाइल नेण्याचीही मुभा दिली जाऊ शकते. म्हणून प्रिंटची परवानगी सरसकट न देता, ज्याच्या कामाला कागद लागतो त्यालाच द्यावी. बाकीच्यांनी प्रिंट ऑफिसच्याच प्रिंटरवर द्यावी आणि दुसऱ्या दिवशी जाऊन घ्यावी.